पीठ फुगेपर्यंत

आमचं गाव मुंबईत गेलं तेव्हा आम्ही सगळे घरीच होतो. पापांनी पेपर वाचून सांगितलं की आजपासून बोरिवली मुंबईत धरतात. आई "बरं" म्हणाली, आणि मार्था मावशीनं विचारलं की म्हणजे आता नळाला पाणी येणार काय. पापा म्हणाले, येईल हळूहळू. पाणी हळूहळूच आलं. नियम मात्र लगेच आले.

आम्ही गावठाणातली जुनी ख्रिस्ती माणसं. कौलारू घर, पुढे ओटा, मागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे ताडांची रांग. वारा सुटला की झावळ्या एकमेकींवर घासायच्या, आणि नव्यानं येणाऱ्या पाहुण्याला वाटायचं, कुणीतरी मागच्या दारी सुपात धान्य पाखडतंय. स्टेशनच्या बाजूला तेव्हा नवी नोकरदार वस्ती होऊ लागली होती. तिथल्या बायका आईला कौतुकानं म्हणायच्या, "तुम्ही मराठी छान बोलता हो." आई म्हणायची, "तुम्हीसुद्धा." मी नन्सच्या इंग्रजी शाळेत होते. शाळेत इंग्रजी, घरात आमची गावठाणातली बोली आणि रस्त्यावर पुस्तकातली मराठी, अशा तीन भाषा मला येत होत्या, आणि तिन्हींत मी गप्प असायचे. खोटं बोलणं आणि मोठ्यानं बोलणं ही दोन्ही पापं आहेत असं नन्सनी शिकवलं होतं. त्यातलं दुसरं मी इतकं मनावर घेतलं की पहिलं करायची वेळच येत नसे.

मार्था मावशी आईची थोरली बहीण. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी होता आणि एका फेरीवरून परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली, आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसाखाली हातगाडी लावून फुगे विकू लागली. हे रबराचे फुगे नव्हेत. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून भिजवलेल्या सैल पिठाचे, मुठीतून पिळून कढईत सोडलेले गोल पाव म्हणजे आमचे फुगे. तेलात पडले की स्वतःच कूस बदलतात. लग्नात, नामकरणात फुगे नसतील तर लोक आहेर देताना विचार करतात. मावशी ते रोज करायची. संध्याकाळी ऑफिसातून परतणारी माणसं क्रूसाशी थांबायची, वाटाण्याच्या रश्शात बुडवून उभ्याउभ्या खायची, आणि तोंड पुसून आपापल्या शाकाहारी घरी जायची. त्यात अंडं असतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मावशीनं कधी सांगितलं नाही.

पापा फोर्टात एका कंपनीत कारकून होते. त्यांना ही गाडी पसंत नव्हती. "मार्था, माझ्या घरात तुला काय कमी आहे?" असं ते अधूनमधून विचारायचे.

"कमी काय नाय," मावशी म्हणायची. "म्हणून तर जाते."

ती असं का म्हणते ते मला नंतर आईनं सांगितलं. त्या दोघींच्या माहेरी एक विधवा आत्या होती. भाऊ चांगला होता, भावजय चांगली होती, आत्याला कुणी कधी वाईट बोललं नाही. फक्त रोज सकाळी तिच्यापुढे लसणाची परडी येऊन पडायची. आत्या कोपऱ्यात बसून लसूण सोलत म्हातारी झाली आणि एके दिवशी लसूण अर्धवट टाकून गेली. मावशी खाटकाशी भांडायची, विहिरीत उतरायची, सापाला काठीनं बाहेर काढायची, पण लसूण म्हटलं की उठून जायची. आमच्या घरात लसूण आईच सोलायची.

आता पिठाबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भिकूदादा भंडारी सरकारी नीरा केंद्रासाठी ताडावर चढायचा. सूर्य वर यायच्या आत तो आमच्या मागच्या दारी ताज्या, गोड नीरेचा एक लोटा ठेवून जायचा. ती नीरा पिठात पडायची, पीठ भलामोठा हात घालून कालवलं जायचं, मावशी त्यावर तळहाताच्या कडेनं क्रूस काढायची आणि मडकं माझ्या आजोबांच्या जुन्या रेल्वेच्या घोंगडीत गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवायची. मग दुपारपर्यंत घरात दबक्या आवाजात बोलायचं. जसजसा दिवस चढे तसतसा घोंगडीतून आंबूस, गोडसर वास यायला लागे, आणि ती नीरा राहिलेली नाही हे शेजारच्या गल्लीतसुद्धा समजे. दारूबंदीचा तो काळ होता. नीरा आरोग्याला चांगली म्हणून सरकार स्वतः विकत होतं, आणि तीच उन्हात थोडा वेळ कुणी न शिवता राहिली की गुन्हा होत होती. आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. दुधाचं दही होतं, तेव्हा म्हशीला कोण पकडतं?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पीठ फुगत असताना घरात आलेलं बाहेरचं माणूस पीठ वर आल्याशिवाय उठत नाही. ते उठलं की पीठ बसतं. ही आमची रीत, आजीची, तिच्या आजीची. गावात सगळ्यांना ती ठाऊक होती. पाद्री आमच्या उंबऱ्याबाहेरून हाक मारायचे, "मार्था, घोंगडी बांधलीये की सोडलीये?" पोस्टमन पत्र खिडकीतून टाकायचा. माझ्या चुलतबहिणीचं लग्न जमलं ते याचमुळे. मुलाची आई फक्त विहिरीचं पाणी प्यायला आत आली होती. पीठ त्या दिवशी थंडीनं अडून बसलं, तिलाही बसावं लागलं, आणि तेवढ्या वेळात बोलायला दुसरं काही उरलं नाही.

तर एका संध्याकाळी म्युन्सिपालटीचे खाकी कपड्यातले दोघे आले आणि मावशीला परवाना मागू लागले. मावशी म्हणाली, जुन्या ग्रामपंचायतीत पाटलाला विचारलं होतं, तो 'बस' म्हणाला होता. त्यातला एक म्हणाला, "मावशी, पाटलाचं 'बस' आता चालत नाही. गाडी उचला, नाहीतर आम्हाला उचलावी लागेल." मावशीनं रश्शाचं पातेलं आधी घरी आणून ठेवलं, मग परत जाऊन स्वतः गाडी ढकलत आणली, आणि ती विहिरीपाशी उलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दारात बसली होती. आई कधीच कुणाला टोचून बोलायची नाही. आता बहिणीला रिकामं वाटू नये म्हणून तिनं, फार विचार न करता, लसणाची परडी आणून तिच्यासमोर ठेवली. मावशीनं परडीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईच्याही ते लक्षात आलं, पण आता परडी उचलणं जास्त वाईट दिसलं असतं. शेवटी मावशीनं मला हाक मारली.

"फिलू, तुजी ती इंग्रजी काय कामाची हाय का नाय?"

अशा तऱ्हेनं मी परवान्याचा अर्ज लिहायला बसले. अर्ज छापील इंग्रजीत होता. गाडीची लांबी, रुंदी, चाकं. अन्नावर काच असेल का. विक्रेत्यास संसर्गजन्य रोग आहे का. मावशी म्हणाली, "नाय म्हण. आन त्यांना हाय का विचार." प्रार्थनास्थळापासून अंतर किती, असाही प्रश्न होता, आणि क्रूस तर गाडीच्या डोक्यावरच होता. पापा दोन दिवस या प्रश्नावर विचार करत होते. मग कचेरीतल्या नव्या नकाशात आमचा क्रूसच नाही असं त्यांना समजलं. जवळात जवळचं चर्च बरंच लांब निघालं, आणि तेच अंतर आम्ही लिहिलं.

अडलं ते एका रकान्यात. पीठ फुगवण्यासाठी वापरलेला पदार्थ.

"ताडी लिहिलंस तर पोलीस येतील," पापा म्हणाले. "यीस्ट लिही. बेकरीवाले लिहितात तसं."

"यीस्ट मी घालत नाय," मावशी म्हणाली. "खोट्या कागदावर मी सही करनार नाय."

"मग यीस्ट घाल. म्हणजे खरं होईल."

मावशीनं तेही करून पाहिलं. यीस्टचे फुगे गोल झाले, हलके झाले, रंगही चांगला आला. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. मावशीनं एक तोडून वास घेतला आणि म्हणाली, "चांगलं हायत. कोनाचं हायत?" त्यानंतर यीस्टचा विषय निघाला नाही. खोटं लिहायचं नाही असं नन्सचं म्हणणं, खरं लिहायचं नाही असं पापांचं. मी रकाना रिकामा सोडला. गप्प राहण्याचा मला सराव होता, तो कागदावरही उपयोगी पडला.

काही दिवसांनी उत्तर आलं की स्वयंपाकघराची तपासणी 'चालू स्थितीत' होईल. दिवस दिलेला नव्हता. त्यामुळे मावशी रोज सकाळी पीठ भिजवू लागली, आणि विकायची बंदी असल्यामुळे ते आम्ही खाऊ लागलो. सकाळी फुगे, दुपारी फुगे, रात्री फुगे. पापा डब्यात फुगे घेऊन फोर्टात जायचे. त्यांनी तक्रार केली नाही, पण एका रविवारी प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' या शब्दांवर ते जरा थांबले.

इन्स्पेक्टर आगाशे आले ते माझ्या शाळेच्या सुटीत, अकराच्या सुमाराला. तरुण, किडकिडीत, नवी छत्री, नवी नोकरी. त्यांनी ओट्यावर चपला काढल्या, "स्वयंपाकघर कुठे आहे?" असं विचारलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत थेट आत गेले. घोंगडी बांधलेली होती.

आईनं कपाळावर क्रूसाची खूण केली. मावशीनं स्टूल पुढे केलं. "बसा."

"बसायला वेळ नाही. आणखी तीन ठिकाणं आहेत."

"वेळ तुमचा नाय, सायेब. पिठाचा हाय."

आईनं त्यांना रीत समजावून सांगितली. आगाशे हसले, मग आमच्याकडे पाहून हसायचे थांबले, आणि बसले. मला वाटतं, त्यांच्याही घरी अशा रीती असाव्यात. आज मी विचार करते तेव्हा मला त्या माणसाचं हेच कौतुक वाटतं. माझ्या नातवाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, उठला असता तर काय झालं असतं? मी म्हटलं, पीठ बसलं असतं. तो म्हणाला, खरंच? मी म्हटलं, कुणी उठलंच नाही कधी, तर कळणार कसं.

मग तपासणी बसल्याजागी झाली. आगाशे स्टुलावरून विचारायचे, मी मोजपट्टी धरून फिरायचे. खिडकी किती, मोरी कुठे, पाण्याला झाकण आहे का. मी आकडे हळू आवाजात सांगायचे, ते "काय?" म्हणायचे, मी आणखी हळू सांगायचे. बारा वाजता चर्चची घंटा झाली आणि आम्ही तिघी प्रार्थनेला उभ्या राहिलो. सभ्यपणानं आगाशेही उठू लागले. मावशीनं 'नमो मारिये'मध्येच त्यांना हातानं खाली बसवलं.

दिवस तापला. वास यायला लागला. आधी पुसट, मग स्पष्ट. आगाशेंनी एकदा छत्रीकडे पाहिलं, एकदा घोंगडीकडे.

"इथे एक रकाना रिकामा आहे," ते म्हणाले.

आई एक घासलेलं पातेलं पुन्हा घासू लागली.

"पीठ आपोआप फुगतं का?"

"देवाची कृपा," मावशी म्हणाली.

"ती मी लिहू शकत नाही. आणि वास येतोय."

"कसला?"

"तेच मी विचारतोय, बाई." ते चिडलेले नव्हते. उलट थोडे काकुळतीला आल्यासारखे वाटले. "रिकाम्या रकान्याचा अर्ज मला नामंजूरच करावा लागतो. अन् भलतं काही लिहिलं तर कागद दुसऱ्या खात्यात जातो. तिथून तो परत येत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "अर्ज तुम्ही लिहिलात ना? मग तुम्हीच सांगा."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराबाहेर, विहिरीपाशी उलट्या ठेवलेल्या गाडीकडे पाहत होती. तिच्या पायाशी, भिंतीलगत, लसणाची परडी होती. ती त्या दिवसापासून कुणीच हलवली नव्हती.

मी इंग्रजीत बोलले, कारण त्या भाषेत माझा आवाज जरा तरी बाहेर यायचा. म्हटलं, "सर, पिठात घातली तेव्हा ती नीरा होती."

"कधी घातली?"

"सूर्य वर यायच्या आधी."

"आणि आता?"

मी घोंगडीकडे पाहिलं. "आता ते पीठ आहे, सर."

आगाशेंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी रकान्यात नीरा असं लिहिलं, शाई वाळायला फुंकर मारली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतरही त्यांना बसावं लागलं, कारण पीठ अजून वर आलं नव्हतं. शेवटी मावशीनं घोंगडी सोडली, बोट बुडवलं, बोटाचा खळगा हळूहळू भरून आला, आणि तिनं मान हलवली. आगाशे उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून भिंतीला धरून थोडे थांबले. तोवर आईनं पहिला घाणा काढून गरम फुगे पुढे केले. "कामावर असताना खात नाही," म्हणाले, आणि लंगडत गेले.

परवाना आला. त्यावर मोठा शिक्का होता. पापांनी सगळ्यांना बसवून तो मोठ्यानं वाचला. मार्था, जागा क्रूसापाशी, गाडी एक, काच आवश्यक. मावशीनं आनंदानं मडक्याची घोंगडीच शालीसारखी पांघरली होती. मग पापा एका ओळीशी थांबले. पदार्थात नीरा असल्यामुळे त्याला नीरेच्या विक्रीचा नियम लागू होता. नीरा फक्त सकाळी विकता येते. तेव्हा फुगेही सकाळीच विकायचे, नीरा केंद्र बंद होईल तेव्हा गाडी काढून घ्यायची.

झावळ्या घासत होत्या.

"फिलू," मावशी शेवटी म्हणाली, "आयुष्यात एकदा तोंड उघडलंस, तर संध्याकाळची सकाळ केलीस."

यातून पुढे जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकलं असतं. सकाळी फुगे तळायचे तर पीठ आदल्या संध्याकाळी भिजवायला हवं. संध्याकाळी पीठ भिजवायचं तर पहाटेचा लोटा दिवसभर थांबायला हवा. दिवसभर थांबलेल्या लोट्यात काय असतं हे आता ताडाखालच्या कुत्र्यालाही माहीत होतं. म्हणजे मी सांगितलं ते खरं होतं, त्या खऱ्यावर परवाना मिळाला, आणि परवाना पाळायचा म्हणून ते खरं उरलं नाही. हा प्रश्न मी शाळेत धर्माच्या तासाला विचारायचं ठरवलं होतं. विचारला नाही.

गिऱ्हाइकं मात्र बदलली नाहीत. जी माणसं येताना खायची ती आता जाताना खाऊ लागली. आमच्या भागातल्या कित्येकांना आजही फुगे हा न्याहारीचा पदार्थ वाटतो. त्याचं कारण एक रकाना आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. परवा त्याच गल्लीत खाण्याची एक मोठी मोटार उभी होती, दिवे, गाणी, पाटीवर कोरियातले पदार्थ. काचेवर परवाना चिकटवलेला होता. मी चष्मा लावून वेळेची ओळ शोधली. पोरगी म्हणाली, "आजी, मेन्यू इकडे आहे." मी म्हटलं, मी वाचतेय ते वाचू दे.

राहता राहिली मावशीची संध्याकाळ. पीठ भिजवून, घोंगडी बांधून झालं की घरात तिला काही काम नसे. पहिले दोन दिवस ती मागच्या दारात बसली. तिसऱ्या दिवशी तिनं साडी नीट केली, मला बरोबर घेतलं, आणि क्रूसाच्या ओट्यावर, जिथं गाडी असायची तिथं, नुसतीच जाऊन बसली. जाताना आईनं तिच्या हाती परडी दिली. आई तशी भाबडीच होती. मावशीनं ती घेतली, ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ केली. घरी परतणारी माणसं थांबायची, फुगे विचारायची. मावशी सांगायची, "सकाली या." एखाद्याला दटावायचीसुद्धा, "काल कुठं होता?" गाडीवर असताना बसायची तशीच बसायची. फक्त गाडी नव्हती.

अशातच एका संध्याकाळी आगाशे स्टेशनाकडून येताना दिसले. ते जवळच कुठे तरी राहायला आले होते. आम्हाला पाहून थांबले.

"मावशी, परवान्याची वेळ सकाळची आहे."

"गाडी कुठं हाय? कढई कुठं हाय? बसायला परवाना लागतो काय?"

"नाही," त्यांनी विचार करून सांगितलं. "बसायला नाही लागत. पण बसलात कशाला?"

"घरी पीठ ठेवलंय."

"आत्ता? संध्याकाळी?" ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत आलेला मला दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, पण ते पहिल्याइतकं चांगलं नव्हतं. त्यांनी वर ताडांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तो प्रश्न त्यांनी गिळला, आणि जायला निघाले.

"सायेब," मावशी म्हणाली. "पीठ फुगतंय."

क्रूसाचा ओटा घरात धरायचा की नाही, हे मी तेव्हाही विचारलं नाही. आगाशेंनी रुमालानं ओट्याची कड झटकली, छत्री उभी करून ठेवली आणि बसले. मग मावशीनं परडी त्यांच्याकडे सरकवली.

"रिकामं बसता क्याला?"

मावशीनं जन्मभर लसूण सोलला नाही. त्या दिवशी आमच्या घरचा लसूण म्युन्सिपालटीनं सोलून दिला.